हाती लागून सुटलेला खुनी

1968 च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या पश्चिम उपनगरांत लोकांना रात्रीची झोप नव्हती. झोपड्यांत, पडवीत, उघड्यावर निजलेल्या माणसांच्या डोक्यात कुणीतरी जड, बोथट वस्तू घालत होतं आणि अंधारात नाहीसं होत होतं. मरणाऱ्यांच्या घरात चोरण्यासारखं फारसं काही नव्हतं. मारणाऱ्याशी त्यांची ना ओळख, ना भांडण. वस्त्यांमधली तरुण पोरं काठ्या घेऊन रात्र-रात्र पहारा देऊ लागली. मारेकरी मांजराचं नाहीतर पोपटाचं रूप घेतो, अशा अफवा चाळीचाळींतून फिरल्या. गोरेगाव-मालाडच्या जुन्या घरांत आजही सत्तरीपुढच्या माणसांजवळ रमण राघवचं नाव काढलं, की आधी त्या पहाऱ्याची गोष्ट निघते.

27 ऑगस्टला डोंगरी भागात सबइन्स्पेक्टर अ‍ॅलेक्स फियालो यांनी एका माणसाला हटकलं. जुना फोटो आणि वर्णन त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. त्या माणसाजवळ सापडलं ते असं: एक चष्मा, दोन कंगवे, कात्री, उदबत्तीचं घर, साबण, लसूण, चहापूड आणि आकडेमोड केलेले दोन कागद. बुशशर्टावर रक्ताचे डाग होते, बुटांना चिखल लागलेला होता. बोटांचे ठसे जुन्या नोंदीशी जुळले. रमण राघव उर्फ सिंधी दलवाई. मालाडच्या चिंचवली गावातल्या दोन खुनांबद्दल त्याच्यावर कलम 302 लागलं. सीआयडीच्या क्राइम शाखेचे उपायुक्त रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे या तपासाची सूत्रं होती. कोठडीत तो बरेच दिवस बोलला नाही. मग त्याने कोंबडीचं जेवण मागितलं, पोट भरल्यावर आणखी मागितलं, पुढे डोक्याला तेल, कंगवा, आरसा मागितला. ते मिळाल्यावर तो बोलायला लागला आणि त्याने हत्यार दडवलेली जागा पोलिसांना नेऊन दाखवली. त्याने स्वतः कबूल केलेले खून चाळीसच्या वर जातात.

या हकिगतीत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो अटकेच्या आधीचा भाग. 1965-66 मध्ये पूर्व उपनगरांत, लोक ज्याला तेव्हाही जीआयपी लाइन म्हणत त्या रेल्वेमार्गाच्या कडेच्या वस्त्यांत, अगदी अशाच पद्धतीने 19 जणांवर हल्ले झाले होते. त्यांतले नऊ जण मेले. त्या वेळी पोलिसांनी याच माणसाला त्या भागात हिंडताना धरलं होतं. त्याचं नाव पोलिसांच्या दप्तरात होतं, दरोड्याबद्दल त्याने पाच वर्षं शिक्षाही भोगली होती. पण खुनाचा पुरावा मिळाला नाही आणि त्याला सोडावं लागलं. दोन वर्षांनी तो शहराच्या दुसऱ्या अंगाला, पश्चिम रेल्वेच्या बाजूला उगवला.

खुन्याच्या शोधाच्या कथा गेली शंभर वर्षं एका गृहीतावर चालत आल्या आहेत: खुनी सापडत नाही, कारण तो फार हुशार आहे. तो कोडी घालतो, चिठ्ठ्या पाठवतो, पोलिसांच्या एक पाऊल पुढे असतो, आणि त्याच्या तोडीचा एक विक्षिप्त, एकटा अधिकारी त्याला गाठतो. महाराष्ट्रात घडलेली खरी प्रकरणं शेजारी मांडून पाहिली, की हे गृहीत टिकत नाही. रमण राघव हुशार नव्हता. तो आजारी होता. पुढे मानसोपचारतज्ज्ञांनी कोर्टात सांगितलं की त्याला जुना, संशयी छाप असलेला स्किझोफ्रेनिया आहे. देशात तीन सरकारं आहेत, त्यातलं एक अकबराचं आहे आणि आपल्याविरुद्ध कट चालला आहे, असं तो मानत होता. असा माणूस तीन वर्षं मोकळा राहिला, त्याचं कारण तो ज्यांना मारत होता त्यांच्या आयुष्यात शोधावं लागतं. आपले चित्रपट, मालिका आणि पुस्तकं ते शोधतात का, हाच प्रश्न मी या आढाव्यात धरला आहे.

आधी त्या काळातलं गोरेगाव. पूर्वेला 1949 पासून आरे दुग्धवसाहत, तबेले, तिच्यामागे डोंगर आणि रान. पश्चिमेला फिल्मिस्तान स्टुडिओ, चाळी, नव्या वसाहती आणि त्यांच्या मधल्या मोकळ्या जागांवर वाढत चाललेल्या झोपड्या. 1961 मध्ये मृणाल गोरे इथून महापालिकेत निवडून गेल्या त्या पाण्याचा प्रश्न हाती घेऊन, आणि ‘पाणीवाली बाई’ हे नाव त्यांना पुढे कायमचं चिकटलं. नळासाठी जिथे मोर्चे काढावे लागत होते, तिथे गल्लीत दिवा, दाराला कडी आणि पोलीस चौकी यांची काय कथा असेल, याचा अंदाज येतो. कामाला आलेले परप्रांतीय पुरुष, एकट्या बाया, तबेल्यातले गडी यांचं नाव रेशनकार्डावर असेलच असं नव्हतं. असा एखादा माणूस सकाळी मेलेला सापडला, तर तो कोण, कुठला, त्याला शेवटचं कुणी पाहिलं, हे सांगायला कुणी नसायचं. खुनाचा तपास मृताच्या ओळखीपासून सुरू होतो, आणि इथे ती ओळखच हाती नसे. पोलिसांचा दोष यात आहेच, पण त्याहून मोठा दोष शहराचा आहे.

रमण राघववर दोन चित्रपट सांगण्यासारखे आहेत. पहिला श्रीराम राघवन यांचा, 1991 मधला ‘रमण राघव: अ सिटी, अ किलर’. व्हिडिओवर, अगदी थोड्या पैशांत केलेलं हे काम. रघुवीर यादव यांनी रमण राघव केला आहे आणि तो पाहताना अंगावर काटा येतो, कारण ते त्याला राक्षस करत नाहीत. एक काटकुळा, स्वतःशी पुटपुटणारा, मधेच हट्ट धरणारा माणूस ते दाखवतात. चौकशीच्या खोलीतले प्रसंग हा या चित्रपटाचा गाभा आहे. समोर बसलेल्याच्या बोलण्यातून काही सूत्र लागतं का, हे पाहणारे अधिकारी आणि आपल्याच तर्काने चाललेला तो. चित्रपटगृहांत न पोचलेला हा चित्रपट बरीच वर्षं या हातातून त्या हातात फिरत राहिला. राघवन यांचे नंतरचे गाजलेले चित्रपट पाहिलेल्यांनी तो मुद्दाम मिळवून पाहावा.

दुसरा अनुराग कश्यप यांचा ‘रमण राघव 2.0’, 2016 मधला. हा चित्रपट सुरुवातीलाच सांगतो की तो त्या जुन्या खुन्याबद्दल नाही. आजच्या मुंबईतला रमन्ना (नवाजुद्दीन सिद्दीकी) आणि त्याच्या मागावर असलेला, अमली पदार्थांच्या आहारी गेलेला पोलीस अधिकारी राघवन (विकी कौशल) अशी जोडी त्यात आहे. खुन्याला या पोलिसात आपला जोडीदार दिसतो, ही त्याची मध्यवर्ती कल्पना. मला ती पटत नाही. पोलीस आणि गुन्हेगार एकाच नाण्याच्या दोन बाजू, हे आता इतक्यांदा सांगून झालंय की त्यातून नवं काही हाती येत नाही, आणि तोवर मेलेली माणसं पडद्यावरून कधीच पुसली गेलेली असतात. पण याच चित्रपटात एक प्रसंग असा आहे, की जो खऱ्या प्रकरणाच्या फार जवळ जातो. रमन्ना आपण होऊन पोलिसांकडे येतो, आपण केलेले खून मोजून सांगतो, आणि त्याच्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. त्याला एका पडक्या इमारतीत कोंडून पोलीस निघून जातात आणि तो पळून जातो. 1966 मध्ये धरून सोडलेल्या माणसाची आठवण या प्रसंगात आहे. कश्यप यांनी तो धागा पुढे ओढला असता, तर हा फार मोठा चित्रपट झाला असता.

1985 ते 1987 या काळात सायन-किंग्ज सर्कलच्या भागात फुटपाथवर एकट्याने झोपलेल्या माणसांच्या डोक्यात मोठा दगड घालून मारण्याचे प्रकार झाले. बारा-एक माणसं गेली. वर्तमानपत्रांनी त्या अज्ञाताला ‘स्टोनमॅन’ म्हटलं. तो कधीच सापडला नाही. बऱ्याच मृतांची नावंही कळली नाहीत. एकाच्या डोक्यात दगड बसूनही तो वाचला, पण अंधारात त्याला मारेकऱ्याचा चेहरा दिसला नव्हता. 1989 मध्ये कोलकात्यात असेच खून झाले, तेही न उलगडलेले राहिले. मनीष गुप्ता यांनी 2009 मध्ये ‘द स्टोनमॅन मर्डर्स’ केला. के. के. मेनन यांनी रंगवलेला निलंबित पोलीस आणि ऐंशीच्या दशकातली पिवळट, दमट मुंबई त्यात चांगली उतरली आहे. पण शेवट हवा म्हणून चित्रपटाने एक खुनी आणि एक कारण शोधून काढलं, तिथे माझं मन उडालं. सत्य हाती नाही म्हणून कल्पनेने भर घालायला माझी हरकत नाही. या प्रकरणात मात्र न सापडणं हीच खरी गोष्ट होती.

शेवट हवाच, हा हट्ट पडद्यापुरता राहत नाही. 2006-07 च्या हिवाळ्यात दक्षिण मुंबईत एकामागून एक खून झाले, एका मृतदेहाजवळ बिअरची बाटली मिळाली आणि वर्तमानपत्रांना ‘बिअरमॅन’ मिळाला. एका माणसाला अटक झाली, 2009 च्या जानेवारीत खालच्या कोर्टात शिक्षा झाली, आणि त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने पुरावा टिकत नाही म्हणून त्याला निर्दोष सोडलं. मग ते खून कुणी केले? हा प्रश्न नंतर कुणी लावून धरला नाही. निठारीतही हेच झालं. नोएडाच्या त्या वस्तीतून 2005-06 मध्ये मुलं नाहीशी होत होती आणि गरीब आई-बापांच्या तक्रारी घेतल्या जात नव्हत्या. देश हादरला तो सांगाडे मिळाल्यावर. फाशीच्या शिक्षा झाल्या, आणि 2023 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने तपासावर कोरडे ओढत आरोपींना निर्दोष ठरवलं.

जगातही याहून वेगळं चित्र नाही. इंग्लंडमध्ये पीटर सटक्लिफने 1975 ते 1980 या काळात 13 स्त्रियांचे खून केले. पोलिसांनी या काळात त्याची नऊ वेळा चौकशी केली होती. पण माहिती कागदी कार्डांवर होती, कार्डांचे ढीग वाढत गेले आणि एका कार्डाचा दुसऱ्याशी मेळ लागला नाही. तोतया माणसाच्या आवाजातली एक टेप आली आणि सगळा तपास तिच्यामागे धावला. शेवटी 1981 च्या जानेवारीत शेफील्डमध्ये दोन साध्या पोलिसांनी खोट्या नंबरप्लेटवरून त्याला पकडलं. सुरुवातीच्या बळींमध्ये वेश्याव्यवसायातल्या स्त्रिया होत्या आणि त्यांच्याबद्दल तेव्हा वापरलेल्या भाषेबद्दल तिथल्या पोलीसप्रमुखांनी 2020 मध्ये जाहीर माफी मागितली. दक्षिण कोरियातल्या ह्वासाँगचं प्रकरण तर याहून बोलकं आहे. 1986 ते 1991 या काळात तिथे दहा स्त्रियांचे खून झाले. बाँग जून-हो यांनी 2003 मध्ये त्यावर ‘मेमरीज ऑफ मर्डर’ केला, तेव्हा खुनी सापडलेला नव्हता. 2019 मध्ये डीएनएवरून तो कळला: दुसऱ्या खुनाबद्दल आधीपासून तुरुंगातच असलेला आणि जुन्या तपासात एकदा संशयित म्हणून पाहून सोडून दिलेला माणूस. मधल्या काळात त्यातल्या एका खुनाबद्दल भलत्याच माणसाने वीस वर्षं तुरुंगात काढली होती. खुनी न दाखवता हा चित्रपट श्रेष्ठ ठरला, याचं कारण बाँग यांचं लक्ष खुन्याच्या बुद्धीवर नव्हतंच. गावठी पोलीस, मारहाण करून घेतलेले कबुलीजबाब, पायदळी तुडवलेले पुरावे, पावसात भिजलेली शेतं, यांतून त्यांनी एक अख्खा काळ उभा केला. या प्रकारातला मला माहीत असलेला हा सर्वोत्तम चित्रपट आहे.

आता मराठीकडे. रहस्यकथेची आपली परंपरा चांगली भक्कम आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू यांच्यावर दोन पिढ्या वाचायला शिकल्या. पुढे गुरुनाथ नाईकांनी वाचनालयांची कपाटं भरली. सुहास शिरवळकरांचे बॅरिस्टर अमर विश्वास, दारा बुलंद, फिरोज इराणी कॉलेजच्या पोरांच्या तोंडी होते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे लहानांसाठी असूनही मोठ्यांना सोडवत नाही. पण या सगळ्या घराण्याचा जीव साहसात आणि चातुर्यात आहे. खून होतो, त्याला मृत्युपत्र, हिरे, सूड, टोळी असं काहीतरी कारण असतं, आणि नायक ते हुडकतो. कारण नसलेला, ओळख नसलेला, फुटपाथवरचा खून या कथांच्या चौकटीत बसतच नव्हता. 1968 मध्ये गोरेगावातल्या एखाद्या चाळीत दार लावून काळापहाड वाचणाऱ्या पोराला बाहेर चाललेल्या प्रकाराबद्दल त्या पुस्तकातून काही कळण्याजोगं नव्हतं.

पोलिसांची रोजची पायपीट पडद्यावर आणली ती मुंबई दूरदर्शनच्या ‘एक शून्य शून्य’ने. बी. पी. सिंह यांची ही मराठी मालिका काही वर्षं चालली आणि शिवाजी साटम तिच्यात होते. तेच दोघं पुढे 1998 मध्ये ‘सीआयडी’ घेऊन आले. एसीपी प्रद्युम्न, अभिजीत, दया आणि डॉ. साळुंखे यांनी वीस वर्षांत दीड हजारांवर भाग गाजवले. पोलीस अधिकारी घरातला वाटावा ही साटमांची किमया, आणि मला तिचं मोल आहे. मात्र या मालिकेने प्रेक्षकाला एक वाईट सवय लावली. डॉ. साळुंखे नळीतला द्रव हलवतात आणि खुनी कळतो. खऱ्या तपासात कालिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल यायला किती काळ लागतो, हे कोणत्याही फौजदारी वकिलाला विचारावं. फियालो यांना रमण राघव सापडला तो नळीतून नव्हे. जुनं दप्तर नीट ठेवलेलं होतं, त्यातला फोटो अधिकाऱ्यांपर्यंत पोचला होता आणि एका अधिकाऱ्याने तो डोळ्यांत साठवला होता. गेल्या साठ वर्षांत आपल्या पडद्यावर दप्तर सांभाळणाऱ्या हवालदाराचा एकही लक्षात राहणारा प्रसंग नाही, याचं मला वाईट वाटतं.

माझ्या म्हणण्याला छेद देणारं एक प्रकरण आहे आणि ते टाळून चालणार नाही. पुण्यातलं जोशी-अभ्यंकर हत्याकांड. 1976 च्या जानेवारीपासून 1977 च्या मार्चपर्यंत दहा खून. बळी गेलेले पांढरपेशे, नाव-पत्ता असलेले, वृद्ध संस्कृत पंडित काशीनाथशास्त्री अभ्यंकर यांच्यासारखे प्रतिष्ठित. तरीही मारेकरी सव्वा वर्ष मोकळे राहिले. कारण ते याच समाजातले होते: अभिनव कला महाविद्यालयातले विद्यार्थी, शहरात उजळ माथ्याने फिरणारे. संशयाची नजर त्यांच्यावर स्थिरावायला वेळ लागला. मार्चमध्ये मुळा-मुठेच्या पात्रात लोखंडी शिडीला बांधलेला एक मृतदेह वर आला, नायलॉनच्या दोरीने आधीच्या खुनांशी नातं जोडलं आणि मधुसूदन हुल्याळकर यांच्या पथकाने आरोपींना गजाआड केलं. राजेंद्र जक्कल आणि त्याच्या तीन साथीदारांना 27 नोव्हेंबर 1983 रोजी येरवड्यात फाशी झाली. यावरचा ‘माफीचा साक्षीदार’ 1986 मध्ये आला आणि नाना पाटेकरांचा जक्कल लोकांच्या मनात बसला. म्हणजे पुण्यात बळींची मोजदाद झाली होती. तिथे अडलं ते खुनी कसा दिसतो याबद्दलच्या समजुतीवर. रमण राघवला रस्त्यावर हटकणं सोपं होतं, कारण तो फाटका होता. जक्कलला कुणी हटकत नव्हतं. दोन्हीकडे समाजाची नजरच आड आली.

मानवतमध्ये ती नजर वेगळ्या तऱ्हेने बंद होती. 1972 ते 1974 मध्ये परभणी जिल्ह्यातल्या त्या गावात मुलींचे आणि स्त्रियांचे खून होत राहिले. गुप्तधनासाठी नरबळी ही चर्चा कुजबुजत होती, पण गाव बोलत नव्हतं. मुंबईहून रमाकांत कुलकर्णी यांना तिथे पाठवण्यात आलं. रमण राघवचा तपास करणारे तेच. विजय तेंडुलकरांच्या लेखणीतून अमोल पालेकरांनी 1981 मध्ये ‘आक्रीत’ केला तो याच घटनांवरून. शोध त्यात दुय्यम आहे. सत्ता, हाव आणि अंधश्रद्धा यांची माणसावर कशी पकड बसते हे पालेकर दाखवतात, तेही आवाज न चढवता. 2024 मध्ये सोनी लिव्हवर आलेली आशिष बेंडे यांची ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका कुलकर्णी यांच्या ‘फूटप्रिंट्स ऑन द सँड्स ऑफ क्राइम’ या आठवणींच्या पुस्तकावर आधारलेली आहे. आशुतोष गोवारीकरांनी कुलकर्णी केले आहेत. सौम्य, टापटीप, समोरच्याला बोलू देणारा अधिकारी. आरडाओरड करणाऱ्या पडद्यावरच्या पोलिसांत हा उठून दिसतो. मकरंद अनासपुरे आणि सोनाली कुलकर्णी यांना मी इतकं थंड, इतकं धाक बसवणारं याआधी पाहिलं नव्हतं. मराठीत शोधकथेला लागणारा धीर या मालिकेत आहे. उणीव एकच, मेलेल्या मुली तिच्यातही बहुतेक वेळ मृतदेह म्हणूनच येतात.

आणि मग ‘देवमाणूस’. 2016 मध्ये सातारा जिल्ह्यात वाईजवळच्या धोम इथे पुरलेले मृतदेह निघाले. डॉक्टर म्हणून वावरणाऱ्या एका माणसावर सहा खुनांचा आरोप ठेवला गेला. पहिली व्यक्ती नाहीशी झाली होती 2003 मध्ये. तेरा वर्षं माणसं बेपत्ता होत होती. प्रकरण फुटलं ते शेवटची बेपत्ता स्त्री अंगणवाडी सेविकांच्या संघटनेची नेता होती म्हणून. तिच्यामागे विचारणारी माणसं होती. माझ्या सबंध म्हणण्याचा याहून ठळक पुरावा नाही. 2020 मध्ये झी मराठीवर आलेल्या मालिकेने यातून काय घेतलं? डॉक्टर. किरण गायकवाड यांचा अभिनय जबरदस्त आहे, मालिका तुफान चालली, पुढचे भागही निघाले. पण विचारणाऱ्या बायकांची ती एकजूट, जिच्यामुळे खुनी सापडला, ती कथेच्या मध्यभागी आलीच नाही. मुलं पळवून मारणाऱ्या कोल्हापूरच्या गावित मायलेकींच्या प्रकरणातही 1990 ते 1996 या काळात देवळांतून, स्टेशनांवरून उचललेली मुलं बहुतांशी गरिबांची होती. त्यावर 2019 मध्ये आलेल्या ‘पोशम पा’लाही आईच्या क्रौर्यात जेवढा रस आहे, तेवढा त्या हरवलेल्या मुलांच्या घरांत नाही.

याबाबतीत बरोबर वाट धरली ती हिंदीतल्या ‘दहाड’ने, 2023 मध्ये. राजस्थानातल्या लहान गावांतून बायका नाहीशा होतात, मुली पळून गेल्या असं समजून घरचे लाजेने गप्प बसतात, आणि वंचित समाजातून आलेली एक सबइन्स्पेक्टर त्या बेपत्तांच्या अर्जांची गठ्ठ्यांतून जुळवाजुळव करते. खुनी कोण हे प्रेक्षकाला लवकरच कळतं, तरीही मालिका पकड सोडत नाही, कारण प्रत्येक अर्जामागे एक घर उघडत जातं. रीमा कागती आणि झोया अख्तर यांनी हे जमवलं, म्हणजे ते जमण्यासारखं आहे.

चार्ल्स शोभराजचं प्रकरण या सगळ्यात बसत नाही. पोलीस अधिकारी मधुकर झेंडे यांनी त्याला 6 एप्रिल 1986 रोजी गोव्यात पर्वरीच्या ओ कोकेरो हॉटेलात पकडलं. चिन्मय मांडलेकर यांनी 2025 मध्ये केलेला ‘इन्स्पेक्टर झेंडे’ हा त्यावरचा हलकाफुलका, पाहावा असा चित्रपट आहे. पण शोभराजचं नाव, चेहरा, जगभरची कीर्ती आधीच ठाऊक होती. पाठलाग वेगळा आणि शोध वेगळा.

रमण राघवला फाशीची शिक्षा झाली. त्याने अपील करायचं नाकारलं. उच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून मानसोपचारतज्ज्ञांचं मंडळ नेमलं गेलं, 1987 मध्ये फाशीची जन्मठेप झाली आणि 1995 मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात मूत्रपिंडाच्या विकाराने तो वारला. त्याच्याबद्दल एवढं सगळं लिहिलेलं सापडतं. त्याने मारलेल्यांबद्दल खटल्याच्या कागदांत आलेली मोजकी नावं सोडली, तर काहीही सापडत नाही. मराठीत या प्रकरणावर जे येतं ते बहुतेक वर्तमानपत्री पुनर्कथन असतं आणि तेही कोंबडीच्या जेवणापाशी रेंगाळतं. या विषयावर मराठीत एक कादंबरी यायला हवी, आणि ती चौकशीच्या खोलीतून नव्हे, चिंचवलीच्या झोपडीतून सुरू व्हायला हवी. चित्रनगरी आपल्या गोरेगावातच आहे, लेखक आणि नटही आसपासच राहतात; साधनं मिळणार नाहीत असं नाही. ती मिळण्याचा काळ मात्र आता थोडा उरला आहे. 1968 मध्ये जी मुलं दहा-बारा वर्षांची होती, ती आज सत्तरीच्या आसपास आहेत. गोरेगाव, मालाड, कांदिवलीत, कुर्ला-घाटकोपरकडच्या जुन्या वस्त्यांत ज्यांना तो काळ आठवतो, ज्यांच्या शेजारचं माणूस त्यात गेलं, त्यांनी ते लिहून ठेवावं किंवा घरातल्या कुणाला सांगून लिहून घ्यावं. माणसाचं नाव, तो कुठून आला होता, काय काम करायचा, मागे कोण राहिलं, एवढं लिहिलं तरी पुष्कळ होईल.